बॅटरीवरची विभूती

१० फेब्रुवारी, सोमवार
धाकटे दीर महांतेश येऊन गेले. "वहिनी, रविवारी उमरग्याचा भंगारवाला आणतो. तवर गाडी चालू झाली तर ठेवा." हे जाऊन चौदा महिने झाले. तेव्हापासून ह्यांची गाडी अंगणात उभी. सहा दिवस!

११ फेब्रुवारी
गाडीसोबत आलेलं पुस्तक काढलं. पान बारा — "बॉनेट उघडल्यावर..." उघडेल तर ना! तासभर ओढलं. खटका आत, स्टिअरिंगखाली निघाला. पान नऊवर लिहिलं होतं.

१२ फेब्रुवारी
जुनं पेट्रोल काढलं, नवं भरलं. मुरुमच्या बाजारातून नवी बॅटरी आणून स्वतः बसवली. किल्ली फिरवली. टक! बस्स.
इंजिन घासूनपुसून लख्ख केलं. फक्त बॅटरीच्या तारांचे चिमटे सोडले. त्यांवर ह्यांच्या हातची विभूती आहे. निघताना आधी गाडीला लावायचे, मग स्वतःला, बोटाला उरली तर मला.

१३ फेब्रुवारी
टक.

१४ फेब्रुवारी
शेजारचे बंडप्पा आले. एसटीच्या वर्कशॉपात जन्म गेला त्यांचा.
"अक्का, चिमटे का पुसले न्हाईत?"
"विभूती आहे ती. ह्यांनी लावलेली."
"विभूती निळसर असती व्हय? ॲसिडचा क्षार हाय ह्यो! ह्यानंच करंट अडलाय!"
बॉनेट उघडल्यापासून रोज सकाळी त्यातली चिमूटभर कपाळाला लावत होते मी. चुरचुरायचं. वाटायचं, आठवणीनं होतंय.
हे सांगितल्यावर बंडप्पा बादली पालथी घालून तिच्यावर बसले आणि पोट धरून हसले. मग उठून त्यांनी कपाळ पुसायला ओलं फडकं दिलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार
पान एक्केचाळीस — कोमट पाणी, खाण्याचा सोडा. दुपारपर्यंत धीरच होईना. शेवटी ओतलं. फसफसून फेस आला, सगळं वाहून गेलं. ह्यांचं त्यात काहीच नव्हतं.
किल्ली फिरवली — सुरू!! गल्लीभर धूर. डोळ्यांत पाणी आलं. बंडप्पांना म्हटलं, धुरानं.

१६ फेब्रुवारी, रविवार
भंगारवाला नुसता चहा पिऊन गेला. भाऊजी म्हणाले, "ठेवा गाडी. पर वहिनी, चालवणार कोण?"
अगं बाई! हे डोक्यातच आलं नव्हतं.

३ मार्च
धाराशिवला जाऊन आले. शिकाऊ लायसन्सचा फोटो काढला. कपाळाला विभूती होती. डब्यातली.