उघाडीची झडप

बाबा, हे लिहायचं मी किती वेळा टाळलं. कसाऱ्याच्या ढाब्यावर कामाला होतो तेव्हा बसलेलो एकदा, पेन मागायला उठलो आणि नाशिकच्या ट्रकमध्ये चढून पुढंच गेलो. शाळा अर्धवट, आपल्याला कुठं लिहिता येतं, असं स्वतःला सांगायचो. खोटं. पहिल्याच ओळीत शिवी आली असती म्हणून लिहिलं नाही. आता खडवलीला नदीकाठच्या टपरीवर आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं. राग मात्र तेवढाच आहे.

नौपाड्यातला तो दवाखाना. तुला अटॅक येऊन गेलेला. आई पिशवी पोटाशी धरून आत यायला निघाली तर तू तिला बाकाकडे बोट दाखवलंस, "बस हितं. आत तुजं काय काम?" मी आत आलो, कारण फाईल धरायला कोणीतरी हवं होतं. डॉक्टर सांगतायत, हृदयाच्या नळ्या तुंबल्यात, बायपास करावा लागेल. शिवाय एक झडप गळतेय, रक्त उलटं फुप्फुसाकडे जातंय. झडपेचे पडदे चांगले आहेत, पण अटॅकनं खालचा स्नायू ढिला पडला, म्हणून ते नीट मिटत नाहीत. तुझा चेहराच उजळला. "म्हंजे आमची उघाडी!" आणि तू त्यांनाच शिकवायला लागलास. खाडीच्या बांधात लाकडी झडप असते, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडते, भरतीला आपोआप मिटते, खारं पाणी भातात शिरू देत नाही. "फली चांगलीच असते साहेब. खांब सरकला का गलते." डॉक्टर हसले. "अगदी तसंच, काका."

तिथंच घात झाला. डॉक्टर म्हणाले, नुसता बायपास केला तर काहींचा स्नायू पुन्हा जोर धरतो, गळती कमी होते. काहींची होत नाही. नाहीतर त्याच वेळी झडप आवळून धरायला तिला कडं बसवायचं, पण मग हृदय जास्त वेळ बंद ठेवावं लागतं, धोका वाढतो. "तुमची गळती बरीच आहे. मी म्हणेन दोन्ही करा, पण खात्री कुणीच देणार नाही. घरी बोला." तू तिथल्या तिथं, "नल्या मोकल्या करा साहेब. झडप बसंल आपसूक." मी म्हटलं, बाबा, आईला विचारू. "तिला काय कलतंय? गप." आणि बाहेर येऊन तिला म्हणालास, "डॉक्टर बोलले, एकच विलाज हाय."

अरे, उघाडीचा खांब सरकला की तू कधी थांबलास? उधाणाच्या आधी चिखलात उतरून खांब ठोकायचास आणि त्याच ओहोटीत फळीच्या कडेनं पेंढा नि माती भरायचास. कोणी म्हणालं, आता फळी बसेल आपसूक, तर त्याचा बाप काढायचास. "बसंल म्हंजे? भरती थांबते का तुज्यासाठी?" भाताला दोन्ही, आणि स्वतःच्या छातीला आपसूक!

ऑपरेशन चांगलं झालं. वर्षभर गावभर हिंडलास, छातीवरची शिवण दाखवत. मग दम लागायला लागला. पाय सुजले. आडवं झालं की गुदमरायचास, म्हणून बसून झोपायचास, आणि आई तुझ्या पाठीला पाठ लावून बसायची. छाती पुन्हा उघडायला कोणी तयार होईना. दोन्ही केलं असतंस तर जगला असतास? कोण जाणे. टेबलावरच गेला असतास कदाचित. त्याचा राग नाही रे. आई आजही बायांना सांगते, "दुसरा विलाजच नव्हता," आणि मी ते ऐकून कुठंतरी निघून जातो. तू मेलास, तुझं खोटं माझ्या गळ्यात घालून. ती तुझी पाठ धरून बसली, आणि तुला ती आत चालली नाही

थांब. आई आलीय. इथं, एकटी, कल्याणला गाडी बदलून. जी कधी एकटी डोंबिवलीच्या पुढं गेली नाही, ती. चढावर दोनदा थांबली, हात छातीवर. पाणी दिलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मना दम लागतो. नौपाड्यात ने. आन मी आत बसनार, कललं का? माज्या छातीचं मीच ऐकनार."

खरं सांगू बाबा? ती 'आत बसनार' म्हणायच्या आधी माझ्या ओठांवर आलेलंच होतं, "आई, तू बाहेर बस, मी विचारतो सगळं."