३८१६५४७२९० या आकड्याविषयी

ती. वन्सं यांना नमस्कार.

तुमचे बंधू गेल्या मंगळवारपासून तुमच्याकडे मुक्काम ठोकून आहेत आणि माझा फोन घेत नाहीत, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. तुमचा गुडघा कसा आहे? शेक घेताय ना? मी ठणठणीत आहे (त्यांनी विचारलं तरच सांगा).

त्यांनी काय सांगितलं असेल ते असो, खरं हे आहे. धुवायला टाकण्याआधी मी त्यांच्या सदऱ्याचा खिसा तपासला. आत चिठ्ठी, तिच्यावर बायकी अक्षरात दहा अंक. याचा अर्थ कळायला गणिताची पदवी लागत नाही (माझ्याकडे ती आहे). लगेच फोन लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं. माझा संशय दुप्पट झाला. खोटा नंबर देणारी बाई म्हणजे चांगलीच मुरलेली!

विचारल्यावर तुमचे बंधू उलट खुलले. म्हणे वाचनालयातल्या बाईंनी दिलेला अजब आकडा. शून्य ते नऊ, प्रत्येक अंक एकदाच. पहिल्या दोन अंकांच्या संख्येला दोनने भाग जातो, पहिल्या तीन अंकांच्या संख्येला तीनने, असं थेट दहापर्यंत. आणि असा दुसरा आकडा नाही. वन्सं, दहा माणसांच्या घरात एकही कुरकुरत नाही, असं कोणी सांगितलं तर तुम्ही मान्य कराल?

आम्ही एकतीस वर्षं छापखान्यात गणिती कोष्टकांची मुद्रितं तपासली. पद्धत ठरलेली. ते मूळ प्रत मोठ्याने वाचणार, मी मुद्रितातल्या अंकाअंकावर पेन्सिलीने टिंब देणार. एकट्याने तपासायचं नाही, कारण एकट्या माणसाला हवं तेच दिसतं. त्या दिवशीही ते म्हणाले, "मी वाचतो, तू बघ." मी म्हटलं, आरोपीने पुरावा वाचायचा नसतो. आकडा मी स्वतःच वहीत उतरवला आणि भागत बसले. दोन, तीन, चार, पाच, सहा गुमान गेले. सातला बाकी दोन उरली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. "खोटारडे आहात," असं मी त्यांना समोरच्या शिंपिणीदेखत म्हटलं. त्यांनी चपला घातल्या आणि निघाले.

काल पुरावा पक्का करावा म्हणून त्याच शिंपिणीला बसवून चिठ्ठी वाचायला लावली. ती म्हणाली, "चार, सात, दोन." माझ्या वहीत चार, दोन, सात.

"नीट बघ," मी म्हटलं.

"ताई, मी रोज मापं उतरवते. सातच आधी आहे. तुम्ही चष्मा बदला बाई!"

३८१६५४७ भागिले सात, ५४५२२१. बाकी काही नाही. पुढे आठ, नऊ, दहाही जातात. चष्मा चांगला आहे.

आपली,
भावजय

ता. क. वाचनालयातल्या बाईंना पाहून आले. वय बहात्तर, आणि तो आकडा त्यांनी प्रत्येक सभासदाला वाटला आहे. मीही सभासद झाले. लक्ष असलेलं बरं.

ता. क. दुसरा. चूक तुम्हाला सापडली असं सांगाल का? नको, राहू द्या. माझी होती असंच सांगा. आणि वाचायला कोणी नाही, हेही सांगा.

शिंपीण तुमच्या बाजूला येते आहे, तिच्या हाती दिलेल्या वस्तू: इस्त्रीचा सदरा एक. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोन, गुरुवारची आणि शुक्रवारची. शनिवारची इथे काढून ठेवली आहे.