चांदणी उतरेपर्यंत

२७ नोव्हेंबर, रविवार

आगमनकाळाचा, नाताळआधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार. दारावर कागदी चांदणी लावली. हे काम दानूचं. धाकटा भाऊ, हलका, चढायला तोच. यंदा मी स्टुलावर. आई खालून स्टूल धरून, "पडशील बाप्पा, पडशील." बाबा खुर्चीतून, "डावीकडे. अजून. आता फार झालं." एका बाजूची तार आखूड पडली. वाकडी राहिली. राहू दे.

कामट्या बाबांनी तासल्या, मधे मधे धाप लागत होती तरी. पतंगी कागद मी बडा फुहाऱ्याच्या बाजारातून आणला. लाल नव्हता. नारिंगी.

संध्याकाळी बाबांनी आईला ट्रंक उघडायला लावली. बाप्तिस्म्याचं झबलं. आजीने अमरावतीला शिवलेलं. मी घातलं, दानूने घातलं. आईने धुऊन दोरीवर टाकलं.

बाबांना नाताळच्या आत नातीचा, दानूच्या लेकीचा, बाप्तिस्मा हवा आहे. दानू होऊ देणार नाही. घरात दुसरा विषय नाही, आणि हा विषय कोणी काढत नाही. डॉक्टरांनी बाबांच्या छातीला नळी लावून मला बाहेर बोलावलं होतं. "हिवाळा निघू द्या, मग पाहू."

४ डिसें., रवि.

महाराजपुरला गेले. दानूचं घर. भिंतीवर बायबलचं वचन, दुसरं काही नाही. चांदणी नाही, कागदी फुलं नाहीत. दोन वर्षांपूर्वी नर्मदेत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्याने पुन्हा बाप्तिस्मा घेतला, त्या नव्या मंडळीत. ती मंडळी नाताळ पाळत नाही, लहान लेकरांना पाणी देत नाही. बाबा तेव्हा एवढंच म्हणाले, "मग पहिला काय होता? शिंतोडे?" तेव्हापासून दानू येतो, दारातून औषधं देतो, जातो.

"ताई, पंचवीस डिसेंबर बायबलमध्ये दाखव."

"करंज्या खायचास तेव्हा नाही शोधलं."

हसला. "करंज्या पाठव ना. खाईन. सण म्हणून नाही, करंजी म्हणून."

मग मी मुद्द्याचं काढलं. बाबांची तब्येत. फक्त त्यांच्या समाधानासाठी. तो लेकीला, करुणाला, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होता. ऑगस्टची, मान आत्ताशी धरते. बाबांनी तिला एकदाच पाहिलं आहे, दवाखान्यात, काचेतून.

"मी एवढा होतो तेव्हा मला विचारलं कोणी? हिला मी विचारीन. मोठी झाली की. नाही म्हणाली तर नाही."

रीना, त्याची बायको, आतून, "चाय में चीनी कितनी, दीदी?" दोन वर्षांत हे तिला माहीत झालं आहे. मुद्दाम विचारते, विषय तोडायला. शहाणी आहे.

त्याचं चुकत नाही. परत येताना टेम्पोत हेच. त्याचं चुकत नाही, आणि बाबांकडे वेळ नाही.

११ डिसें.

चर्चचे पाळक घरी येऊन बाबांना प्रभुभोजन देऊन गेले. बाबांनी विचारलंच. पाळक चष्मा पुसत बसले. "आईबापांशिवाय कसा देणार? वचन त्यांनी द्यायचं असतं."

"आजोबांनी दिलं तर?"

"तुम्ही किती दिवस..." एवढं बोलून थांबले. चांगला माणूस. कान लाल झाले त्यांचे.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, "मधल्याच्या वेळी पाळक दौऱ्यावर होते." आईने भाकरी मोडली. माझ्यानंतरचा, दानूच्या आधीचा. थोडेच दिवस जगला. पाणी मिळालं नाही, नाव मिळालं नाही. कबरस्तानात अगदी भिंतीकडेला आहे. आमच्या मंडळीची अशी काही शिकवण नाही की तो त्यामुळे... बाबांना ठाऊक आहे. त्यांना शिकवणीचं पडलेलं नाही.

१४ डिसें.

बी.ए.च्या वर्गात नाटकाचा शेवटचा अंक. एक मुलगी, "मॅम, त्याने पहिल्याच अंकात सांगून टाकलं असतं तर?" म्हटलं, मग तुम्हाला परीक्षेत काय विचारणार. हसल्या. मी वही मिटली.

१९ डिसें., सोम.

केक. अंडी, लोणी, साखर, मैदा, सगळं घेऊन बेकरीत, भाजून घ्यायला. नेपियर टाउनातली अर्धी ओळख तिथेच रांगेत भेटते. डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या. पुढची बाई माझ्या भांड्यात डोकावून, "मनुका इतक्याच?" बेकरीवाला, "दीदी, इस बार एक ही डब्बा? भैया का नहीं?"

म्हटलं, भैया का मन नहीं है.

"केक में मन का क्या काम?"

घरी आईने करंज्या तळल्या. चकल्या मोडल्या. "तेलाला काय झालं काय माहीत." तेलाला काही झालं नव्हतं.

२३ डिसें.

कॅरलवाले येऊन गेले. बाबा शाल घेऊन दारापर्यंत आले, खालच्या सुरात दोन ओळी म्हटल्या, मग नुसते ओठ.

दुपारी दानू कॉलेजवर आला होता. पंचवीसला रीनाची ड्यूटी. वॉर्डातल्या सगळ्या ख्रिस्ती नर्सना सुट्टी हवी, तिला नको, म्हणून तिनेच आपणहून घेतली. त्याची स्वतःची रविवारची उपासना. करुणाला सर्दी, गर्दीत नेता येत नाही.

"सकाळी सोडू का तुमच्याकडे? दुपारी नेईन." मग लगेच, "नाताळला नाही येऊन राहिलो, ताई. लेकरू सोडायला येऊन राहिलो."

"माहीत आहे."

"बाबांना सांग तसं."

सांगितलं. बाबा म्हणाले, "अच्छा." बराच वेळ हात चोळत होते.

२५ डिसें., रवि.

सकाळी दानू रिक्षाने आला. फाटकात उभा राहून वर पाहिलं. "वाकडी आहे." आत आला. करुणाला थेट बाबांच्या मांडीवर दिलं, स्वतः. दोन वर्षांत दोघं इतके जवळ आले नव्हते. आई चर्चला निघालेली, "मेरी ख्रिसमस, दानू." तो म्हणाला, "जपून जा, आई." तिने त्याच्या खिशात करंजी कोंबली.

बाबांना थंडीत बाहेर मनाई. मी, बाबा आणि ती.

बाबा तिला मांडीवर घेऊन. नुसतं पाहत. चर्चची घंटा झाली. मग, "विमल, वाटीत पाणी आण. कोमट."

औषधाला, असं मला वाटलं. औषधाची वेळ नव्हती. आणलं.

झबलं त्यांच्या उशीखालून निघालं. अंगात घातलं नाही, वरून पांघरलं. तेव्हा मला कळलं. म्हणजे तेव्हा कळलं असं मी लिहिते आहे. मधे जायला जागा होती. बोलायला शब्दही होते, दानूचे. हिला विचारलं कोणी.

बाबांनी वाटीत हात बुडवला. पहिलं पाणी कानाकडे गेलं. त्यांनी दुसरं नाव ठेवलं नाही. करुणा म्हणाले. पित्याच्या. मग पुत्राच्या. पवित्र आत्म्याच्या. ती रडली नाही. त्यांच्या चष्म्याची दांडी धरून ओढत होती.

"म्हण," बाबा म्हणाले. "साक्षीदार लागतो."

आमेन म्हटलं.

दुपारी दानू आला. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "केस ओले काहून?"

"न्हाऊ घातलं."

"सर्दीत?"

"गरम पाण्याने."

बाबा डोळे मिटून होते. झोपले नव्हते.

२६ डिसें.

शेजारी फराळाची ताटं दिली. कोणाचं ताट रिकामं परत आलं नाही. एकीने गूळ घातला, एकीने पेरू.

आईने झबलं पुन्हा धुतलं. कोरडं ठेवलेलं ओलं कसं, विचारलं नाही. दोरीवर टाकताना शिवण सरळ केली, बराच वेळ.

२८ डिसें.

करुणाला ताप. महाराजपुरला धावले. रीनाने पाणीसुद्धा विचारलं नाही. "दीदी, मैंने कहलवाया था, नहलाना मत. आप तो पढ़ी-लिखी हैं." दानू, "जाऊ दे, मुद्दाम थोडंच केलं तिने." तो माझी बाजू घेत होता.

मी म्हटलं, ग़लती हो गई. हे तरी खरं होतं.

घरी बाबा, "माझ्यामुळे?"

"चार थेंबांनी ताप येत नाही, बाबा."

"तिला न्हाऊ घातलं, असं तर तू दानूला सांगितलं."

३० डिसें.

ताप उतरला. रीनाने दवाखान्यातून शेजारच्यांकडे फोन करून कळवलं. माझ्याशी बोलली नाही, निरोप ठेवला. बाबांनी आज पोळी खाल्ली.

३१ डिसें., शनि.

आमच्या घरची जुनी रीत. वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी, चर्चला जायच्या आधी, सगळे बसतात. धाकट्यापासून थोरल्यापर्यंत. प्रत्येकाने एक उपकार मानायचा, एक क्षमा मागायची. ज्याची मागायची त्याच्यासमोर, मोठ्याने.

दानू, रीना, करुणा आले. येईल असं वाटलं नव्हतं. "वर्ष संपतं, हे तर मलाही मानावं लागतं ना," म्हणाला. आईचं रडू आणि हसू एकदमच.

बाबांच्या पलंगाभोवती बसलो. रीनाने हिंदीत दोन वाक्यं. बेटी का बुख़ार उतरा, धन्यवाद. माझ्याकडे पाहून, दीदी से ऊँची आवाज़ में बोली, माफ़ी. मी मान हलवली. कशी हलवली माहीत नाही.

मग दानू. तो प्रार्थनेत नेहमी भरभर बोलतो. आज सावकाश. "देवा, बाबांची एक इच्छा होती. फार होती. लेकरू दिवसभर त्यांच्या हातात होतं. तरी त्यांनी जबरदस्ती केली नाही, माझा शब्द राखला. त्याबद्दल तुझे उपकार." आणि बाबांचा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "दोन वर्षं दारातून गेलो. क्षमा करा, बाबा."

तोच हात.

माझी पाळी. आईचे गुडघे चालतात, उपकार. "क्षमा मनात मागते," म्हटलं. अशी सूट आमच्याकडे नाही. कोणी अडवलं नाही. आईने मधल्याची आठवण काढली, दरवर्षी काढते.

बाबा शेवटचे. "नात मांडीवर आली. उपकार." मग खोकला. आला की आणला, मला ठरवता येत नाही. क्षमेपर्यंत पोचले नाहीत. आईने पाणी दिलं, चर्चची वेळ झाली.

निघताना दानूने स्टूल ओढलं, चढला, चांदणीची तार सोडून पुन्हा बांधली.

"आता कोणत्या वचनात आलं हे?" मी.

"वाकडी पाहवत नाही, एवढंच." उतरून हात झटकले. "सहा तारखेला उतरवायला मीच येतो. तू पडशील."

१ जाने., रवि.

आई चर्चला. बाबांशी बोलले.

"त्याला सांगायचं."

"मी गेल्यावर सांग."

"नाही. तुम्ही असताना."

"मग तो यायचा नाही."

"हो."

बाहेर कोणी ओरडून नवीन वर्ष सांगत गेलं.

विचारलं, पश्चात्ताप होतो का. "पाण्याचा नाही," म्हणाले. "त्याने उपकार मानले, त्याचा होतो." मग, "चांदणी उतरेपर्यंत थांब. तेवढं तर थांबशील?"

थांबेन म्हटलं. मला तरी घाई कुठे आहे.

३ जाने.

कॉलेज सुरू. दानू फॅक्टरीतून परस्पर घरी येऊन गेला, बाबांसाठी संत्री. आत बसला. चहा घेतला, दुसरा मागितला. करुणा पालथी पडायला लागली, ते हाताने करून दाखवलं. बाबा इतके हसले की धाप लागली. "दर रविवारी आणत जाईन तिला," म्हणाला.

एक दिवस असा. आता असे किती दिवस विकत घ्यायचे, आणि कशाने.

६ जाने., शुक्र.

प्रकटीकरणाचा दिवस, नाताळचा शेवट. आज चांदणी उतरायची. फॅक्टरी सुटल्यावर दानू येणार.

बाबांनी स्वतः दाढी केली. हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं. खुर्ची व्हरांड्यात मांडायला सांगितली. झबलं घडी करून मांडीवर. आई म्हणाली, "हे ट्रंकेत ठेवू ना?"

"असू दे."

आई उभी राहिली. मग त्यांच्या गुडघ्यांवर शाल टाकली, झबलं झाकलं जाणार नाही अशी.

मला म्हणाले, "तू बोलायचं नाही. मीच सांगतो." थोड्या वेळाने, "पण आत जाऊ नको."

स्टूल चांदणीखाली आणून ठेवलं. पायरीवर बसून हे लिहिते आहे. ऊन उतरलं. दिवस आहे तोवर काम व्हायला हवं. बाबा दोनदा ओठ हलवून थांबले. पहिलं वाक्य शोधत असावेत. मी सुचवलं नाही.

फाटकाशी रिक्षा थांबली. दानू एकटा असता तर सायकलने आला असता. रीनाचा आवाज, "सँभाल के, टोपी गिर रही है."

म्हणजे करुणालाही आणलं.