देवघरातला हातोडा

मी, वामन दिवाकर आठल्ये, वय बावन्न, संस्कृत-शिक्षक, राहणार दतिया गेट, झाशी, पुढच्या आठवड्यात हृदयाची शस्त्रक्रिया असल्याने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पत्नीने पाजलेल्या काढ्यानंतरही पूर्ण शुद्धीत, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक पत्नी कल्याणी हिची. माझी आत्या अनुसूया हिची खोली तहहयात तिचीच. तिथला पंखा तिला विचारल्याशिवाय कोणी बंद करू नये.

२. संस्कृत ग्रंथ मुलगा पार्थ याला. तो मराठी प्रश्नाला हिंदीत उत्तर देतो आणि संस्कृत निघाले की उठून जातो. ग्रंथ विकावेत, पण रद्दीच्या भावाने नाही.

३. देवघरातला हातोडा. हा शेजारी जगन्नाथजींचा. खिळा ठोकायला मीच मागून आणला होता. त्या दिवशी घरात मी प्रवचन दिले: इंग्रजांचा ‘हॅमर’ आणि आपला ‘अश्मन्’, म्हणजे दगड, एकाच कुळातले, पहिला हॅमर दगडाचाच. कोशात ‘बहुधा’ असे होते. ते मी गिळले, वर इंद्राचे वज्रही जोडून दिले. आत्याने खंडेनवमीला हातोडा पूजेत मांडला, तो तिथेच राहिला. तेव्हापासून खिळ्यासाठी आम्ही जगन्नाथजींचाच दुसरा हातोडा मागतो. ते म्हणतात, “पंडितजी, इसे भगवान मत बना देना.” मी हसतो, आणि आत्याच्या श्रद्धेवर ढकलतो.

माझ्यामागे तो परत द्यावा, असे इथे लिहिणार होतो. काल आत्याला भीतभीत सांगितले.

“दुसऱ्याचा होता? मला वाटलं, तू विकत आणलास! इतकी वर्षं माझ्या पदराआड लपलास होय रे, घोड्या?”

जगन्नाथजींना तोंड दाखवावे लागू नये म्हणून मी मरणाची सोय पाहत होतो.

सबब हे कलम रद्द. जे माझे नाही ते मी कोण देणार? हातोडा आज, सह्यांपूर्वी, स्वतः नेऊन देईन. आत्याने कुंकू लावून सोबत नारळ ठेवला आहे. पाहुण्याला रिकामे पाठवू नये म्हणते. ते ‘बहुधा’ही जगन्नाथजींना सांगायचे आहे. हातोड्यापेक्षा तेच जड आहे.

झाशी, ९ नोव्हेंबर २०२४
सही: वामन दिवाकर आठल्ये

समक्ष सह्या करणारे:
इंदिरा मारुती काळे, सहशिक्षिका
जगन्नाथ साहू, पड़ोसी. हथौड़ा मिला, नारियल उसी से फोड़ा. ‘शायद’ वाली बात भी सुन ली. पंडितजी अस्पताल से लौटें, अगली कील खुद ठोकें.