आईचा फोटो, लांबून

शिरूर कासार,
१४ ऑक्टोबर १९९७

ती. अण्णांस,
संगमेश्वरचा शि. सा. न. वि. वि.

दसऱ्याचं सोनं पाकिटात घातलं आहे. वाटेत चुरा झाला असेल तर टपालखात्यानंच लुटलं म्हणायचं.

फोन केला नाही म्हणून रागावू नका. एसटीडी बूथ आपल्याच दुकानात, गल्ल्यावर आई, आणि ही फोटोची गोष्ट तिच्या कानावर जायला नको.

नगरच्या डॉक्टरांनी तिच्या पोटातल्या गाठीच्या ऑपरेशनला १० नोव्हेंबर ही तारीख दिली. वय एकाहत्तर, त्यात साखर. हमी देत नाही म्हणाले. आणि अण्णा, आपल्याकडे आईचा एकही फोटो नाही! सगळ्या पंचक्रोशीचे फोटो मी काढतो. आत्ताही ऊसतोडीला निघालेल्या बिऱ्हाडांची स्टुडिओसमोर रांग आहे. एक प्रत घरच्या म्हाताऱ्यांना, एक आपल्या खिशात, की निघाले. माझी आई मात्र कॅमेरा दिसला की पदर तोंडावर ओढते. स्टुडिओ टाकला तेव्हापासून पंधरा वर्षं विचारतोय, कारण सांगत नाही. दिव्याखाली अंधार तो हा.

म्हणून तिला न कळता काढायचं ठरवलं आहे. सकाळी उजाडताना ती ओट्यावर तळहातावरच्या इष्टलिंगाच्या पूजेला बसते, तेव्हा जराही हलत नाही. समोर माझ्या स्टुडिओची माडी आहेच. पण माझ्या लेन्समधून ती तिथून तांदळाच्या दाण्याएवढी दिसते. लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स पुण्यात बघाल का? एका मासिकात वाचलं, हात हलला तरी चित्र हलू न देणारीही लेन्स निघाली आहे. माझ्याजवळ नऊ हजार आहेत. कॅमेरा तोच जुना, बाबांनी घेऊन दिलेला.

लवकर कळवा. जीव थाऱ्यावर नाही. वहिनींना नमस्कार, शिवांजलीला गोड पापा. आहे तसाच जीव लावा.

तुमचा,
संगमेश्वर


पिंपरी,
१९ ऑक्टोबर १९९७

चि. संगमेश्वर यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. आज रविवार, कॅम्पातली तीन दुकानं पालथी घातली.

ती न हलणारी लेन्स दुकानातल्या कॅमेऱ्याला लावून पाहिली. बटण अर्धं दाबलं की आत भुंगा गुणगुणल्यासारखं होतं आणि रस्त्यापलीकडच्या पाटीवरची अक्षरं जागच्या जागी उभी राहतात. नवी छत्तीस हजारांना. ऐकल्यावर मी ती इतक्या हळू खाली ठेवली की दुकानदाराला हसू आलं. वापरलेली साधी झूम साडेसहा हजारांत मिळते. पण उजाडतानाच्या उजेडात ती हातात धरून फोटो हलणारच, स्टँड हवा, असं तो म्हणाला. तुझ्याकडे स्टँड आहे, तेव्हा साधीच घ्यावी असं मला वाटतं.

यावंसं फार वाटतं रे. पण कंपनीत स्वेच्छानिवृत्तीच्या याद्या बनताहेत, आणि रजेवर असेल त्याचं नाव आधी. चार वर्षं येणं झालं नाही हे काय मला ठाऊक नाही? शिवांजलीचा शाळेतला नवा फोटो सोबत आहे, आईला दे.

एक विचारतो. आईचा फोटो असा चोरून काढावा का? चि. सौ. मंगलला आशीर्वाद. धाकटेपणाचा हट्ट आणि माया दोन्ही राहू दे.

तुझा,
अण्णा


शिरूर कासार,
२४ ऑक्टोबर १९९७

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

स्टँडचं परवाच करून पाहिलं. कठड्यावरून त्याचं डोकं दिसलं, आणि आईनं पूजा आटोपल्यावर ओट्यावरूनच विचारलं की माडीवर कसली मोजणी चाललीय! तेव्हा स्टँड बाद. हातात धरूनच काढावा लागणार, आणि हातच कापतो. ज्या हातानं शेकड्यांनी लग्नं काढली तो आईवर रोखला की थरथरतो. म्हणून ती न हलणारीच हवी होती. पण छत्तीस हजार म्हणजे थट्टा आहे का? साधीच घ्या. नाही, थांबा, साधी घेऊन फोटो हलला तर दुसरी सकाळ मिळेलच असं कुठं आहे? तुम्हीच ठरवा, माझं डोकं चालत नाही.

चोरून काढणं बरं नाही हे मलाही कळतं. पण उद्या वाईट झालं तर कुणाकडे बघायचं आम्ही? तुम्हाला काय पाठवू?

शिवांजलीचा फोटो आईला दिला. बराच वेळ पाहिला आणि आधीच्या तीन फोटोंबरोबर गल्ल्यात ठेवला.

लेन्स पुण्याच्या गाडीवरच्या उत्तरेश्वर कंडक्टरजवळ द्या. बजावून सांगा, वस्तू स्टुडिओत, माझ्याच हातात द्यायची. धाकट्याची घाई पोटात घाला.

तुमचा,
संगमेश्वर


पिंपरी,
३१ ऑक्टोबर १९९७

चि. संगमेश्वर यास,
अ. उ. आ.

हे पत्र पार्सलातच घालतो आहे. नशीब बघ! पक्ष्यांचे फोटो काढणारे एक निवृत्त साहेब भेटले. डोळ्यांनी दिसेनासं झालं म्हणून सगळं विकताहेत. तीच न हलणारी लेन्स, चौदा हजारांत. तुझे नऊ तू दे सवडीनं, वरचे पाच माझे. त्यावर एक शब्द बोलायचा नाही, मी थोरला आहे. एवढे दिवस तिनं पक्षी टिपले, आता तू आपल्या आईला टीप. तिला कळू न देता काढ आणि पहिली प्रत मला पाठव. तेवढा एक फोटो उशाशी असला की मला धीर राहील.

उत्तरेश्वरला दोनदा बजावलं आहे. काळजी करू नकोस, मी करतोच आहे दोघांच्या वाटची. लोभ वाढता असो हे काय तुला लिहायला हवं?

तुझा,
अण्णा


शिरूर कासार,
२ नोव्हेंबर १९९७

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

घात झाला. मी एका जावळाचे फोटो काढायला आष्टीला गेलो होतो. उत्तरेश्वर आला, स्टुडिओला कुलूप दिसलं, आणि पार्सल सरळ दुकानात ठेवून चहा पिऊन गेला. त्याला तरी काय बोलू? पुण्याहून आलेली वस्तू इथं आजवर आपल्याच दुकानात उतरत आली. आईनं मंगलकडून पार्सल फोडून घेतलं आणि तुमचं पत्र वाचून घेतलं. शब्द न् शब्द.

त्याहून वाईट ऐका. लेन्स माझ्या कॅमेऱ्याला बसतच नाही. तिचं कडं वेगळं आहे, आणि तिला नव्या कॅमेऱ्यातून वीज मिळावी लागते, तेव्हा तो भुंगा चालतो. जुना कॅमेरा म्हणून मी लिहिलं, पण कोणता ते लिहिलं नाही, आणि तुम्ही विचारलं नाही. दोघंही शहाणे.

आई रागावली असती तर बरं होतं. ती लेन्स गल्ल्याशेजारी ठेवून गिऱ्हाईकं करते आहे. आठ दिवस राहिले. काय करू ते कळवा, आणि या वेड्यावर रागावू नका.

तुमचा,
संगमेश्वर


शिरूर कासार,
४ नोव्हेंबर १९९७

ती. भाऊजींना मंगलचा नमस्कार. आई बोलतात तसंच लिहिते आहे, माझा एकही शब्द नाही.

चि. कल्याणाला आईचे आशीर्वाद.

तुझी ती दुर्बीण पाह्यली. पाच हजार घातलेस म्हणं. एवढ्यात तू पुण्याहून तीस डाव येऊन गेला असतास.

संगू इचारतो, कावून फोटो काढू देत न्हाईस. त्याचा धंदा हाय म्हणून बोलले न्हाई, आता सांगते. वाडीवरची भिवराबाई तुला ठावं हाय. तिचं पोरगं ऊसतोडीला गेलं तरी सक्रांतीला एक डाव येऊन तोंड दावून जायचं. संगूनं स्टुडिओ टाकला त्याच सालाला तिचा फोटो काढला, पोरानं खिशात घालून नेला. तवापासून सक्रांतीला येत न्हाई. सांगावा धाडतो, आई रोज दिसती म्हणून. म्हातारी दुकानात येऊन माझ्यापुढं रडती.

तू पोरीचे फोटो धाडतोस. चार झाले. पोर फोटोतच वाढायली, माझ्या मांडीवर काही बसली न्हाई. माझा फोटो तुझ्या उशाशी आला, की तू बी यायचा न्हाईस. त्याचंच मला लई भ्या वाटतं. ऑपरेशनचं तेवढं न्हाई.

नोकरीचं मला कळतंय, रजा काढू नको. शनवारी ये, ऐतवारी माघारी जा. पोरीला आण. ओट्यावर माझ्याजवळ बसा, संगू त्याच्या जुन्या कॅमेऱ्यानं काढंल. मी पदर ओढणार न्हाई. अन् ती दुर्बीण ज्याची त्याला देऊन टाक. जवळ बसलेल्या माणसाला ती लागत न्हाई.

मंगल शनवारी भाकरी जादा टाकंल. लोभ हाय, तो न्यायला ये.

मल्लम्मा

आईंनी अंगठा उठवला आहे. जरा हलला, पण त्या म्हणाल्या, राहू दे तसाच. – मंगल