नरसू, कॅमेरा खरंच सांगत होता

प्रिय नरसू,

आज सकाळी तुझा मोबाईल वाजला. तो सध्या माझ्याकडे असतो. "दुर्बिणीचे फोन येतेत, मला त्यातलं काय कळंना, तुमीच बघा," म्हणून लक्ष्मीवहिनींनीच दिला. पुण्याचा दुकानदार होता. "नरसय्या सर, तुम्ही सांगून ठेवलेला गाइड कॅमेरा आलाय. एकच आहे. उद्या दुपारपर्यंत कळवा, नाहीतर दुसऱ्याला देतो." मी "कळवतो" म्हणालो. माझा आवाज त्याला तुझाच वाटला. मलाही ते खोडून काढवलं नाही.

वर्तमानपत्राच्या डेस्कवर आयुष्य गेलेला माणूस मी. कुणी वेळ ठरवून दिली की लिहायलाच बसतो. पण उद्या कळवायचं काय, हे तुलाच विचारायला नको का?

आपण दुर्बीण घेतली तेव्हा हा कॅमेरा डोक्यातही नव्हता. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या तुझ्या गच्चीवरून चंद्र आणि शेजाऱ्याचा हॅलोजन, एवढंच दिसायचं. मग तू दुर्बिणीला विजेच्या मोटारीनं फिरवणारी ती जुनी बैठक कुठूनशी मिळवलीस आणि आपण मैंदर्गीला तुझ्या बहिणीच्या शेतात जायला लागलो. तिथलं आभाळ पहिल्यांदा पाहून तू म्हणालास, "एवढं सगळं हितं होतं, आन् आपण एमआयडीसीत टॉवेल मोजत बसलो की बे."

देवयानी दीर्घिका तुला तिथेच दिसली. पुसट, तिरकी, कापसाचा पुंजका उडून अडकल्यासारखी. तुझं तेव्हाच ठरलं. अक्कलकोट रोडवरच्या तुझ्या कारखान्यात नक्षी विणणारा जॅकार्डचा एकच माग चालू राहिला होता. तो बंद करण्याआधी त्यावर शेवटची चादर विणायची, आणि तिच्यात देवयानी.

मी म्हटलं, इंटरनेटवर तिचे ढिगानं फोटो आहेत, एक घे आणि कर डिझाइन. केवढा चिडलास! "सोलापुरात एकाचं डिझाइन दुसरा उचलतो. मी आजवर न्हाय उचललं. आता मरताना उचलू व्हय?"

मरताना, असं तू गमतीत म्हणाला होतास ना?

फोटो काढायचा म्हणजे दुर्बीण ताऱ्यामागे अगदी बिनचूक फिरायला हवी. आपली मोटार जुनी. मिनिटभर फोटो घेतला की तारे लांबायचे. "तारे हायेत का जिरं बे?" असं तू विचारायचास. मग मी वाचून सांगितलं की मोठ्या दुर्बिणीवर एक छोटी बसवतात, तिच्यात हा गाइड कॅमेरा असतो. तो एकाच ताऱ्यावर डोळा ठेवतो आणि तारा हलला की मोटारीला सावरायला सांगतो. तुला लगेच कळलं. "ताण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, तसंच की. फक्त ह्यो थांबवत न्हाय, सरळ करतो."

आपल्याला परवडणारा तसला कॅमेरा शोधण्यात किती संध्याकाळी गेल्या! आधी जुन्या वेबकॅमचं भिंग काढून पाहिलं; त्याला ठळक तारेच दिसेनात. मग छोटा, कृष्णधवल कॅमेरा परवडेल असं निघालं. तुझं तोंड उतरलं. "काळं-पांढरं कशाला? जन्मभर रंगात हात घातले मी." अरे, त्यानं फोटो काढायचा नाही, राखण करायची आहे, आणि रंग सोडला की त्याला अंधुक तारेही दिसतात, हे पटवताना माझा घसा बसला. शेवटी म्हणालास, "बरं संपादक, तुमचं खरं." मी कधीच संपादक नव्हतो. तुलाही ते ठाऊक होतं.

कॅमेरा आला. बोटभर दुर्बीण आली. ती मोठीवर बसवायचं काम तुझं, कारण पाना तुझ्या हातात शोभायचा. तरी तारे लांबटच! आणि नवल म्हणजे लॅपटॉपवरचा आलेख सरळ. राखणदार सांगतोय, तारा जागचा हलला नाही. फोटोत मात्र जिरं. महिनोन्‌महिने आपण सेटिंग बदलत राहिलो. मग तू निकाल दिलास, "कॅमेरा खोटं बोलतोय. स्वस्तातलं असंच असतंय." आणि दुकानदाराला महागडा कॅमेरा सांगून ठेवलास. मोठ्या दुर्बिणीतलाच थोडा उजेड आरशानं बाजूला काढून त्याला दाखवायचा, असं ठरवलंस. तो घेण्यासाठी मागाची दुरुस्तीही पुढं ढकललीस. का एवढी घाई होती तुला? दुखणं कळलं होतं का आधीच? आम्हाला सांगायचं होतंस.

दवाखान्यात मी यायचो तेव्हा तू तब्येतीचं बोलू द्यायचा नाहीस. "कॅमेरा आला का बे?" एवढंच.

परवा व्यंकटेश म्हणाला, "काका, तेवढी दुर्बीण सोडवून ठेवा, गिऱ्हाईक येणारे." बापाची वस्तू विकतोय म्हणून मी त्याच्यावर रागावलो नाही. त्याला गच्ची मोकळी करायची आहे. दुर्बीण सोडवायला बसलो. छोट्या दुर्बिणीच्या कड्याचा स्क्रू काढला आणि खालून रबराच्या दोन पट्ट्या पडल्या.

मागाच्या रबराच्या. तुझ्याच हातानं नीट कापलेल्या.

मागावर धक्का बसतो तिथं तू रबर घालायचास. नाही घातलं तर बोल्ट तुटतो, लोखंड चिरतं. पाना हातात घेतल्यापासून तू हेच करत आलास. इथंही केलंस. विचारावंसंही वाटलं नसेल, इतकं ते तुझ्या हातात होतं. पण नरसू, इथं धक्का नव्हताच रे. इथं सगळं दगडासारखं घट्ट हवं होतं. दुर्बीण कलत जायची तशी रबरावरची छोटी दुर्बीण केसभर खचायची. कॅमेरा आपला तारा इमानानं धरून ठेवायचा आणि मोठ्या दुर्बिणीला आपल्याबरोबर वाकडं न्यायचा. तो खरंच सांगत होता. स्वस्तातला होता, एवढाच त्याचा गुन्हा.

पट्ट्या काढून कडं घट्ट आवळलं. पाच मिनिटांचं काम. हाच कॅमेरा पुरला असता. मागच्याच थंडीत देवयानी मिळाली असती, चादर झाली असती, दवाखान्यात तुझ्या अंगावर घालता आली असती. हे आता कुणाला सांगू? वहिनींना सांगून त्यांच्या जिवाला घोर लावू? व्यंकटेशला तर माग आठवतही नसेल. तू दवाखान्यात असतानाच माग भंगारात गेला. तुला व्यंकटेशनं सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही. तू कॅमेऱ्याची वाट बघत होतास, बघू दिली.

मी एकटा मैंदर्गीला जाऊन फोटो काढू शकतो. तारे आता टिंबासारखे येतील. पण तो विणणार कोण? फोटोचं मला कधीच काही करायचं नव्हतं. देवयानीही आता संध्याकाळीच पश्चिमेला कलायला लागली आहे.

तेव्हा उद्या 'नको' असंच कळवणार आहे. पण तेवढ्यानं भागत नाही, हे मला माहीत आहे. तू गेल्यापासून वहिनींनी सूतवाल्याला तेलुगूत, बँकेत मराठीत, रंगवाल्या चाचांना दखनीत 'ते गेले' हेच एक वाक्य सांगितलंय. दर वेळी सांगून झालं की त्या पदरानं फोन पुसतात. पुण्यातल्या त्या एका दुकानात तू अजून आहेस, कॅमेऱ्याची वाट बघणारा. तिथं ते वाक्य त्यांना सांगावं लागणार नाही. उद्या दुपारच्या आत मी सांगेन, माझ्या आवाजात, माझं नाव घेऊन. एवढा शब्द देतो. याहून जास्त देण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही.

तुझा,
दत्ता