भात्यावरचा हात

प्रिय माधवी,

तुझे आबा ठणठणीत आहेत. हे वाक्य त्यांनीच मला पढवलं आहे, म्हणून आधी लिहून मोकळी होते. उरलेलं पत्र माझं. फोनऐवजी माझं अक्षर पाहून तुला धसका बसला असेल. बसू दे, मी तो आठवडाभर बाळगून आहे, आणि मैत्रिणींनी असं सगळं वाटून घ्यावं असं शास्त्र सांगतं. कोणतं शास्त्र, ते विचारू नकोस. संस्कृतच्या तासाला मुलं विचारत नाहीत, तर तू कशाला विचारतेस?

गेल्या रविवारी बारामतीत आमच्या चित्रपट मंडळाने एक परदेशी सिनेमा दाखवला, एका म्हाताऱ्या पियानोवादकाचा. आबांना म्हटलं, चला, तुमच्याच बिरादरीतला आहे. काटेवाडीहून माझ्या स्कूटरवर मागे बसून आले, तेही सबंध वाट माझ्या चुका काढत. "पंडितीणबाई, लई घाई करतीस. सम यायच्या आधीच ब्रेक!"

खालची इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत, म्हणून मी कानात मराठी सांगत होते. तो म्हातारा मोठा खडूस. आबांना फारच आवडला. मग त्याचा डावा हात थरथरू लागतो. तो कधी खिशात घालतो, कधी टोपीखाली लपवतो. इथून आबांचं "म्होरं काय?" बंद झालं. डॉक्टर त्याला आजाराचं नाव सांगतात, हे वाढतच जाईल म्हणतात, तेव्हा मी हळूच म्हटलं, "थकवा आहे म्हणतायत, विश्रांती घ्या." भाषांतरात एक अव्यय गाळलं तरी मुलांचे गुण कापणारी मी! आबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "खोटं सांगू नगंस. डाक्टरचं त्वांड मलाबी वाचता येतंय." मी वळून पाहिलं. ते स्वतःच्या डाव्या हातावर बसले होते.

तुला आठवतं, दिवाळीच्या सुमारास मी फोनवर म्हटलं होतं की आबांच्या पेटीचा सूर हल्ली समईच्या ज्योतीसारखा हलतो? उपमेवर मी खूश होते. त्यांचा लाडका शिष्य विजयसिंह तर त्याला सिद्धी म्हणतो. कसली सिद्धी गं! भात्यावरचा हात थरथरत होता, आणि आम्ही समोर बसून माना डोलावत होतो.

सिनेमातला म्हातारा शेवटी भर मैफलीत थांबतो, पियानोचं झाकण लावतो आणि निघून जातो. परतताना आबा माझ्या ब्रेकवरसुद्धा काही बोलले नाहीत. तेव्हा मी खरी घाबरले. घरी पेटीकडे बघत म्हणाले, "भवानीनगरला मीबी झाकान लावून येतो. मंग बास." विजयसिंहने पुढच्या महिन्यात तिथे त्यांचं वादन ठरवलंय, पत्रिकाही वाटून झाल्यात. चारचौघांत सूर तुटला तर काय होईल, याची चित्रं मी रोज पाहते, आणि त्यांच्या खाली अक्षरंही लागत नाहीत.

डॉक्टरकडे चला म्हटलं, तर "माधवीला कळंल." तुझ्या आईच्या आजारपणात तू नोकरी सोडून आलीस. आत्ता कुठे नव्या ठिकाणी तुझं बस्तान बसतंय, आणि तू पुन्हा सगळं टाकून येशील, ही भीती त्यांना त्या हातापेक्षा मोठी आहे. "पोरीला फोन करायचा न्हाय," असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलंय. मी केलेला नाही. निषेध फोनचा आहे, पत्राचा नाही. मीमांसा शिकल्याचा आयुष्यात झालेला हा पहिलाच उपयोग.

तेव्हा ये. नोकरी सोडू नकोस, चार दिवसांची रजा काढ. डॉक्टरांची वेळ मी घेते; तू समोर उभी राहिलीस की आबा मुकाट्याने चपला घालतील. आणि एक सांग, तू परकर नेसायचीस तेव्हा आबा पेटीवर दोन्ही हात टाकून वाजवायचे, तर पलीकडे बसून भाता कोण मारायचं? तुला दम लागला की ओरडायचे, "मार की गं, सूर उपाशी मरतोय!" त्या परदेशी म्हाताऱ्याच्या पियानोला भाता नव्हता, म्हणून बिचाऱ्याला झाकण लावावं लागलं. आबांच्या उजव्या हाताची बोटं अजून चोख आहेत. भवानीनगरला त्यांच्यासमोर बस, माधवी. भाता तू धर.

वचनाला तंतोतंत जागलेली,
तुझीच
सुप्रिया